एम्युलेटरवर चालतो

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्या गाळ्यात मी नोकरीला होतो, तिथे देवाचा फोटो दारावरच लावलेला होता आणि त्याच्याखालून सगळे जण बूट घालून खुशाल ये-जा करायचे. बूट काढावे लागत ते मागच्या काचेच्या केबिनबाहेर. आत एम्युलेटर होता.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. म्हणजे काट्याचं लोखंड दुसरा कोणी बनवायचा, त्याच्यावरचा लाल आकड्यांचा डबा आमचा. डब्यात एक हिरवा बोर्ड, बोर्डावर प्रोसेसर, आणि त्या प्रोसेसरला अक्कल पुरवणारा मी. माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब होतं की व्हिजिटिंग कार्डावर त्याला दोन ओळी लागायच्या. पदवी घेऊन तीन वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. त्या वयात ती पुष्कळांची असते, पण माझी जरा जास्तच होती.

एम्युलेटर म्हणजे एक करडी पेटी. तिच्यातून एक चपटी केबल निघायची आणि केबलच्या टोकाला चाळीस पायांचा प्लग. बोर्डावरचा खरा प्रोसेसर उपटायचा आणि त्याच्या जागी हा प्लग बसवायचा, की पेटी प्रोसेसर असल्याचं सोंग घ्यायची. प्रोग्रॅम लिहायचा, कॉम्प्युटरवर तो चिपच्या भाषेत करून घ्यायचा, पेटीत भरायचा आणि चालवायचा. पाहिजे तिथे थांबवायचा, एकेक पाऊल पुढे न्यायचा, आत डोकावून बघायचं. पेटी नसती तर प्रत्येक चुकीसाठी चिप निळ्या दिव्याच्या डब्यात अर्धा तास पुसत ठेवा, परत लिहा, परत बोर्डात खोचा, आणि परत काहीच होत नाही म्हणून कपाळाला हात लावा, असं चाललं असतं. पेटी चांगलीच होती. तिच्याभोवतीची माणसं, माझ्यासकट, भिकार होती.

ती पेटी मालकांनी परदेशातून मागवली होती आणि हे त्यांनी नवी मुंबईतल्या कोणालाही सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. माल घ्यायला आलेल्या डीलरला चहाच्या आधी काचेपाशी आणून उभं करायचे. "बघा, अमेरिकेत हेच वापरतात." डीलर बिचारा कांदा-बटाट्याच्या धंद्यातला. तो हात जोडायचा तेवढा बाकी राहायचा. केबिनमधला एसी तुझ्यासाठी नाही, पेटीसाठी आहे, हे मालकांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पेटी कधी बंद करायची नाही हाही त्यांचाच नियम. बंद-चालू केल्याने आयुष्य कमी होतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आणि पेटीला हात लावायची परवानगी फक्त मला. मोज्याला अंगठ्याशी भोक पडलेलं असायचं, पण मी त्या केबिनमध्ये पुजाऱ्याच्या तोऱ्यात वावरायचो.

त्या वर्षी मालकांच्या डोक्यात आलं की काट्यातला प्रोग्रॅम डबा न उघडता बदलता आला पाहिजे. त्यासाठी मी बूटलोडर लिहिला. काटा चालू केला की सगळ्यात आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्रॅम. तो उठायचा आणि मेमरीतलं एक घर बघायचा. त्या घरात शून्य असलं, तर नेहमीचा वजनाचा प्रोग्रॅम सुरू करायचा. शून्य सोडून दुसरं काहीही असलं, तर समजायचं की कॉम्प्युटरच्या वायरीवरून नवा प्रोग्रॅम येणार आहे, आणि त्याची वाट बघत बसायचं. एवढंच काम. मी तो पंधरा दिवसांत लिहिला, एम्युलेटरवर शेकडो वेळा चालवला, आणि दर वेळी लाल आकडे झटकन उमटले. एकदाही अडला नाही. मालकांनी पेढे आणले आणि पहिला पेढा पेटीपुढे ठेवला. दुसरा मला दिला.

बोर्डांची तपासणी एक बाई करायच्या. माहेर उरणकडचं, सासर तुर्भे गावातलं. सासरच्यांची भातशेती वसाहतीसाठी गेली होती. एकदा बोलता बोलता त्यांनी गाळ्यामागच्या जनरेटरकडे बोट करून सांगितलं होतं, "तितं आमची चिंच होती." तक्रार म्हणून नाही, पत्ता सांगावा तसं. तीन वर्षं त्या टेम्पररी होत्या. दर काही महिन्यांनी त्यांना आठवडाभर घरी बसवायचं आणि परत नव्याने घ्यायचं, म्हणजे कायम करायचा प्रश्न येत नाही, ही मालकांची हुशारी. पण तपासणीचं काम त्यांच्याइतकं चोख दुसरं कोणी करत नव्हतं, म्हणून त्या दिवाळीला त्यांना कायम करायचं ठरलं होतं. पत्र टाइप होऊन तयार होतं. माझी शिफारस त्यावर झाली होती, मालकांची सही राहिली होती. ह्या पत्रावर त्यांचा जीव टांगलेला होता. घरात नवरा आणि दोन दीर गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळायची वाट बघत बसलेले, आणि रोज वेळेवर कामाला जाणारी ह्या एकट्याच.

तपासणीची पद्धत मीच घालून दिली होती. तयार बोर्डाला एकदा कॉम्प्युटरची वायर जोडून वजनाचा प्रोग्रॅम भरायचा. मग तो लोखंडी मांडणीवर आठवडाभर चालूच ठेवायचा. वीज गेली तर जनरेटर होता. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बोर्ड बंद करायचा, पाच मोजायचे, परत चालू करायचा. आकडे आले की वहीत बरोबरची खूण. पाचच का मोजायचे, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच हा आकडा मला बरा वाटला, बस्स.

बाईंची वही शाळेतल्या मुलांची असते तसली, दोनशे पानी. प्रत्येक बोर्डाचा नंबर, तारीख, खूण, आणि काही वेगळं घडलं तर एखादी ओळ. मी त्या वहीला हसायचो. माझ्याकडे परदेशी पेटी, ह्यांच्याकडे दोनशे पानी वही.

गणपतीच्या आसपास बाई केबिनच्या दाराशी आल्या. चपला काढून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. हातात एक बोर्ड.

"साहेब, हा चार दिवस डब्यात पडून होता. आता उठत नाय."

"लूज सोल्डरिंग असेल."

"बघितलं. सोल्डरिंग बरोबर हाय. वायर जोडून परत भरला तर चालतो. पन लई वेळ बंद राहिला का परत उठत नाय. गेल्या म्हयन्यात पन एक असाच होता."

"अहो बाई, प्रोग्रॅम एम्युलेटरवर चालतो," मी म्हणालो. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "तुमचं काहीतरी हललं असेल."

त्या चपला घालून गेल्या. प्रोग्रॅमकडे मी परत वळूनही बघितलं नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे खंडेनवमी दणक्यात व्हायची. सोल्डरिंगच्या बंदुका, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, ड्रिल, सगळं पुसून मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसरा उलटेपर्यंत हत्यारांना हात लावायचा नाही. मेन स्विचच पाडायचा. त्या वर्षी मांडणीवर चाळीस बोर्ड होते, दिवाळीच्या आधी पाठवायच्या मालाचे. मालक म्हणाले, ह्यांचीही पूजा करा, लक्ष्मी आहे. सुपरवायझर साताऱ्याकडचे. त्यांनी दारात नारळ फोडला आणि म्हणाले, "मांडणीची पूजा बाईमाणसाच्या हातनं व्हावी." मग बाईंनीच ती केली. फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. मालकांनी फोटो काढवला. पेटीची पूजा मात्र काचेबाहेरून झाली. तिच्यावर पाणी उडवायची कोणाची छाती होती? मेन स्विच पाडला तेव्हा केबिनची लाइन वेगळी ठेवली होती. सगळा गाळा दोन रात्री अंधारात, आणि पेटीचा हिरवा दिवा तेवढा चालू.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्विच टाकला. चाळीसपैकी तेवीस बोर्डांवर आकडेच आले नाहीत.

सुपरवायझर धावत मालकांना घेऊन आले. मालकांनी एक बोर्ड उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटाने चिपच्या पायांवरून कुंकू पुसलं. बोट लाल झालं. त्यांना जणू खुनाचा पुरावा सापडला.

"हे बघा! कुंकू! पाणी आणि कुंकू! शॉर्ट झालं सगळं!"

"तरी मी म्हणत हुतो, पाणी जपून," सुपरवायझर म्हणाले. बाईमाणसाच्या हातनं पूजा व्हावी म्हणणारा हा गृहस्थ. त्याच्या तोंडावर हसावं की थुंकावं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण तेव्हा मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

बाई पुढे आल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, वरच्या फळीवर मी पानी उडवलंच नाय. माजा हात पुरत नाय तितं. वरचे पन नऊ बंद हाईत."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "प्रोग्रॅममध्ये काही?"

आता इथे एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, बघतो. मी म्हणालो, "प्रोग्रॅम एम्युलेटरवर चालतो, सर. आत्ता दाखवतो."

सगळी वरात केबिनपाशी आली. मी बंद पडलेल्यांपैकीच एक बोर्ड घेतला, प्रोसेसर उपटला, पेटीचा प्लग बसवला, प्रोग्रॅम भरला, चालू केला. लाल आकडे झटकन उमटले. शून्य, टिंब, तीन शून्यं. मालकांनी सुटकेचा श्वास सोडला. मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर अभिमान वाटला. जो बोर्ड शॉर्ट झाला म्हणून आम्ही बोंब मारत होतो तोच समोर ठणठणीत चालत होता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मालकांना पेटीचा मान राहिल्याचं समाधान, आणि मला माझा.

डोक्यात आलं ते बाईंच्या. त्या काचेपलीकडे अनवाणी उभ्या होत्या. "पन साहेब, ही पेटी बंद कुटं जालेली? आमचे बंद जाले, म्हनून उठले नाय."

मालक हसले. "आता ह्या आपल्याला शिकवणार."

मी पण हसलो. मालकांच्या मागोमाग, त्यांच्याइतकंच. मालकांनी मला हसायला सांगितलं नव्हतं. ते हसू माझं स्वतःचं होतं.

मग दोन दिवस तीन बायकांनी दाढीच्या ब्रशने आणि स्पिरिटने चाळीसही बोर्ड घासले. घासून झाले की रिवाजाप्रमाणे कॉम्प्युटरची वायर जोडून प्रोग्रॅम परत भरला, आणि सगळेच्या सगळे चालू झाले. मालकांनी टेबलावर थाप मारली. झालं सिद्ध! परत भरला की बोर्ड चालू होतो, हे बाईंनी गणपतीतच मला सांगितलेलं होतं. मी ते पार विसरलो होतो. की विसरायचं ठरवलं होतं? इतक्या वर्षांनी ह्या दोन गोष्टी वेगळ्या करणं अवघड आहे.

कायम करायचं पत्र मालकांनी माझ्यासमोर फाडलं. "तू शिफारस केली होतीस," असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मला कल्पना नव्हती, सर." बाईंना नेहमीसारखं आठवडाभर घरी बसायला सांगितलं. ह्या वेळी परत या असं सांगितलं नाही. आणि एक नोटीस लागली, बोर्डांजवळ हळदकुंकू, फुले, पाणी नेण्यास सक्त मनाई आहे. मसुदा मालकांचा, सही माझी.

आठ-दहा दिवसांनी बाजारातला एक व्यापारी नवाकोरा डबा परत घेऊन आला. खोक्यातून काढला, चालू केला, आकडे नाहीत. घासलेल्या चाळिसांपैकी नव्हता तो. नंतर जोडलेल्या बोर्डांपैकी होता, आणि त्याने आयुष्यात हळदकुंकू बघितलेलं नव्हतं.

तेव्हा कुठे मी पेटीचं जाडजूड पुस्तक उघडलं. आल्यापासून त्याच्या फक्त पहिल्या धड्याची पानं मळली होती. पुढे एका पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलं होतं की प्रोग्रॅम भरताना ही पेटी सगळी मेमरी आपोआप शून्याने भरून देते.

दहा मिनिटांत उलगडा झाला. माझ्या बूटलोडरने उठल्या उठल्या मेमरी स्वतः शून्य करून घ्यायला हवी होती. मी ते लिहायचंच विसरलो होतो, आणि मी न केलेलं काम पेटी माझ्यासाठी गुपचूप करत होती. खऱ्या बोर्डाला असं करून देणारं कोणी नव्हतं. तो बराच वेळ बंद राहिला की मेमरीत वाटेल तो कचरा राहायचा. माझं ते घर शून्य नसलं की बूटलोडर वायरीची वाट बघत बसायचा, जन्मभर. पाच मोजून चालू केलं की मेमरीतलं जुनं शून्य अजून पुसलेलं नसायचं, म्हणून मांडणीवर कधी काही कळलं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाला शिकवतात ती चूक. सुधारायला तीन ओळी लागल्या. नवा प्रोग्रॅम चिपमध्ये भरला, बोर्ड शनिवारी बंद केला, सोमवारी चालू केला. आकडे आले.

कंपनीत बदलांचं एक रजिस्टर होतं. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की काय बदललं आणि का, ते लिहून सही करायची. काय बदललं ते मी लिहिलं. का, ह्या रकान्यापाशी पेन थांबलं. फार वेळ नाही थांबलं. मी लिहिलं, "दमटपणापासून संरक्षण."

मालक इतके खूश झाले की पुढच्या माहितीपत्रकात ते छापलं. कोकणपट्टीच्या हवेसाठी खास. व्यापाऱ्यांनी विचारून विचारून तेच डबे घेतले. माझा पगार वाढला. मेमरी शून्य करणाऱ्या तीन ओळी दमट हवेवर उपाय म्हणून विकणारी ती कंपनी, आणि त्यातला सर्वांत लाचार माणूस काचेच्या केबिनमध्ये एसी खात बसलेला.

दिवाळीच्या दोन दिवस आधी बाई आल्या. कंपनीचे दोन एप्रन धुऊन, इस्त्री करून आणले होते, आणि ती वही. "वही कंपनीची हाय ना," म्हणाल्या. केबिनच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. आता काढायची काही गरज नव्हती.

माझ्या टेबलावर एक डबा चालू होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आता उठतात का?"

"हो."

"लई वेळ बंद ठिवून पन?"

"हो."

"मंग ते पानी नव्हतं."

एक शब्द बोलायचा होता. केबिनमध्ये तिसरं कोणी नव्हतं. पत्र पुन्हा टाइप करता आलं असतं, मालकांना पटवता आलं असतं, निदान ह्या बाईला तरी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "नव्या प्रोग्रॅममध्ये पाण्यापासून संरक्षण घातलंय."

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं. मी सांगतोय ते खोटं आहे हेही, आणि मला ते कळतंय हेही.

"तुमी केलंत?"

"हो."

"बरं केलंत साहेब," त्या म्हणाल्या. "मंग पुढच्या साली बायांना पूजा करू द्या. ती नोटीस काढा."

चपला पायात सरकवून त्या गेल्या. नोटीस मी काढली नाही. ती काढली असती तर का काढली हे सांगावं लागलं असतं.

त्या गेल्यावर मी वही चाळली. गणपतीच्या आसपासचं पान सापडलं. बोर्डाचा नंबर, तारीख, आणि खाली सातवीच्या मुलीसारख्या गोल अक्षरात दोन ओळी. "चार दिवस बंद होता. उठला नाही. साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले एम्युलेटरवर चालतो." त्याच्या आधीच्या महिन्यातही एक नोंद होती, जवळजवळ तशीच. त्या वेळीही त्यांनी मला सांगितलं होतं. ते तर मला आठवतही नाही.

ती दोन पानं मी फाडली नाहीत, एवढं तरी इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं.